चंपाने खणलेली विहीर

मी क्वालिटी कंट्रोलवाला माणूस. मरोळच्या एका कारखान्यात दिवसभर पार्ट्सची मापं घेतो आणि केसाएवढा फरक दिसला तरी रिजेक्ट मारतो. त्यात आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे, बाहेरची बाधा असलं काही माझ्या आई-वडिलांनी घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यामुळे हे मी लिहितोय यावर माझा स्वतःचाच नीट विश्वास बसत नाही... पण झालं ते असं झालं.

आम्ही बोरीवली पूर्वेला राहतो, नॅशनल पार्कच्या अंगाला. मी, बायको स्मिता आणि आई. मला छंद आहे काचेच्या टाक्या सजवायचा. आत खडी, खडीवर जाळी, जाळीवर माती, मग शेवाळ, नेचे, लाकडाचे तुकडे. अख्खं छोटं जंगल. काही टाक्यांत मँटिस आहेत, पुढचे पाय जोडून उभे राहणारे ते हिरवे कीटक. आणि हॉलमधल्या सगळ्यात मोठ्या टाकीत चंपा. चंपा म्हणजे टॅरँट्युला, तळहाताएवढी केसाळ कोळीण. स्मिता म्हणते, घरात एकीलाच माझ्याकडून वेळेवर जेवण मिळतं.

आईला विसरण्याचा आजार झाला. आधी गॅस, मग देवळासमोरचा रस्ता, मग मी. मला ती "साहेब" म्हणू लागली. बँकेतून कोणी आलंय असं तिला वाटायचं. तेही मी पचवलं असतं, पण तिने पाणी सोडलं. ग्लास पुढे केला की तोंड घट्ट मिटायची. दोनदा सलाइन लावून झालं. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर कठीण आहे. माझ्या डोळ्यांदेखत आई वाळत चालली होती आणि मी काही करू शकत नव्हतो.

त्याच दिवसांत मी चंपाची टाकी नव्याने लावली. डोक्याला दुसरं काहीतरी हवं होतं. झकास उतार केला, तिच्यासाठी लाकडाखाली तयार बीळ करून दिलं. हौशी लोक हीच चूक पुन्हा पुन्हा करतात... कोळीण आपल्या डिझाइनमध्ये राहील असं समजतात. सकाळी बघतो तर सगळ्याची वाट लागलेली! माती उपसून एका बाजूला टेकाड, मधून वळत जाणारी वाट आणि वरच्या अंगाला गोल भोक.

आई खुर्चीत बसून टक लावून बघत होती.

"हे तं आमचं गाव व्हय," ती म्हणाली. आईचं माहेर वाशिमकडचं. मुंबईत पन्नाशी गाठेपर्यंत पुसली गेलेली वऱ्हाडी आजारपणात परत आली होती. "थे पाय, वरची विहीर. थ्या लोकायची. आमाले शिवू देत नव्हते. आमची खाली होती, नाल्यापाशी."

"खाली कुठे, आई?"

तिने काचेवर बोट टेकवलं. तिथे सपाट माती होती, बाकी काही नाही. मी हसून सोडून दिलं.

दोन-तीन दिवसांनी चंपाने नेमकं तिथेच दुसरं भोक पाडलं. वर एक चपटा दगड ओढून आणून काठावर तिरपा टेकवला. टाकीचा ओला कोपरा दुसरीकडे होता. पाणी मी तिथे फवारायचो, मग कोरड्या बाजूला खणायचं कारण काय?

मी गावी मामाला व्हिडिओ कॉल लावला. आधी काहीच सांगितलं नाही, फक्त कॅमेरा टाकीवर धरला. मामाने फोन डोळ्यांजवळ नेला.

"अबे, हे कोणं बनवलं?"

"का रे मामा?"

"आमची विहीर हाय ना थे! थो तिरपा दगड... तुयी माय त्याच्यावर घागर टेकवायची. रस्ता झाला तवा बुजवली. तू जल्मलाबी नव्हता." त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "पाहून बनवाले फोटो कुठी भेटला तुले?"

फोटो नव्हताच कधी. त्या काळी तिथे कॅमेरा कोणाकडे असणार?

रविवारी सकाळी आईने मला हात धरून टाकीजवळ ओढलं. मी मोबाइलचा टॉर्च खालच्या बिळात मारला. आत काहीतरी चमकलं. चंपा जाळी फाडून खडीपर्यंत पोचली होती आणि खडीत साठलेलं पाणी बिळाच्या तळाशी लुकलुकत होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भीती अजिबात नव्हती. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

आईचा चेहरा उजळला. "पाणी लागलं! विज्या, भांडं आण रे!"

विज्या! माझं नाव किती महिन्यांनी ऐकलं मी तिच्या तोंडून. धावत जाऊन माठातलं पाणी आणलं. दोन्ही हातांनी ग्लास धरून ती घटाघटा पाणी प्यायली, मग उरलेला अर्धा ग्लास तिने माझ्यापुढे केला. "तू बी पे." स्मिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होती.

कोळी-कीटक पाळणाऱ्यांच्या ग्रुपमधले मित्र म्हणतात, यार, कोळी खणतातच, त्यांना पाणी कळतं. कळत असेल. पण तो दगड? ती जागा? मी टाकीची मापं घेतली, फोटो काढले, डोकं फोडून घेतलं. टाकीला मी अजून हात लावलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा साहेब झालो. ते नाव परत आलं नाही. पण आई रोज टाकीसमोर बसून पाणी पिते, कोणाला सांगावं लागत नाही. आणि ग्लास तळाला आला की न चुकता माझ्यापुढे करते. "साहेब, तुमी बी घ्या. आमच्या विहिरीचं हाय."

मी घेतो.