टाकीचा सदरा

दारव्ह्यातला माझा शिंपी तोंडात टाचण्या धरूनच बोलतो आणि माझं माप घेताना डोळे दुकानातल्या माशांच्या टाकीवर ठेवतो. भाचीच्या लग्नासाठी निळ्या चौकड्यांचं कापड घेऊन गेलो, तेव्हा तो सुतक असल्यासारखा बसला होता. टाकीतल्या झाडांवर शेवाळ चढलं होतं.

"दुपारचं ऊन पडून राह्यलं ना, भाऊ. कितीही खरवडा, परत येते. झाडं मरतीन माही."

"मग ऊन अडव! पण माझा सदरा?"

"होते ना. कायले घाबरता?"

लग्नाच्या आदल्या दिवशी गेलो, तर माझं कापड टाकीच्या अंगावर! काजं, बटणं, वर खिसासुद्धा. मी ओरडणार, तोच त्यानं बटणं काढली. आत पाणी नितळ, शेवाळ गेलेलं, झाडांना कोवळी पानं फुटलेली.

"फिटिंग पाहा. तुमच्यावानी पोटावर तंग नाही होत."

लग्नात जुन्याच सदऱ्यात मिरवलो. नंतर पुन्हा कापड नेलं.

"आता तुमचाच शिवतो, भाऊ."

"माझा राहू दे. टाकीला एक धुवायला काढला, की घालायला दुसरा नको?"

हसण्यासाठी त्याला पहिल्यांदाच तोंडातल्या टाचण्या काढाव्या लागल्या.