मोरामार्गे पनवेल, बुडबुड्यांची पेटी घेऊन

पनवेलला कुणी हौसेनं जातं, असं त्या काळी मला वाटत नसे. साठचं दशक सरत आलं होतं आणि मी परळच्या एका छोट्या कंपनीत यंत्रं दाखवायच्या नोकरीत होतो. आमची नवी वस्तू म्हणजे ध्वनीनं सफाई करणारी टाकी. कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्यात सोडायचा. त्यानं बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटताना मळ उचकटून काढतात. पनवेलबाहेरच्या एका औषध कारखान्याला ती बघायची होती. साहेब म्हणाले, "उद्याच नीघ."

ठाण्यावरून बसनं जायचं तर धक्क्यांनी पेटीतल्या काचेच्या नळ्या फुटायची भीती. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराची लाँच धरली. तुम्हीही तशी जाणार असाल तर भरतीची वेळ विचारून निघा. मी विचारली नाही, त्यामुळे लाँच लांबच थांबली आणि पेटीसकट होडीत उतरावं लागलं. शेजारी रिकाम्या पाट्या घेतलेली एक कोळीण होती.

"काय हाय रं पेटीत?"

"पाणी हलवायचं यंत्र आहे, मावशी."

"दर्या फुकट हलतंय, त्याला यंत्र कशाला?"

होडी हसली. मीही हसलो, पण पेटीवरचा हात काढला नाही.

उरणहून पनवेलची एस.टी. मिठागरांच्या कडेकडेनं जाते. पांढरे ढीग आणि ऊन, तासभर दुसरं काही नाही. स्टँडजवळच्या खाणावळीत तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मिळालं, थोडक्या पैशांत पोटभर. कालवणात तिखट मागू नका, मागायची गरज पडत नाही.

कारखान्यात इंजेक्शनचं पाणी कागदासारख्या पातळ चकतीतून गाळत. परदेशात ती एकदा वापरून फेकतात म्हणे. इथं आयातीचा परवाना मिळेपर्यंत धुऊन वापरायची. दोनच उरल्या होत्या, दोन्ही तुंबलेल्या. त्या सांभाळणारा बाळाराम हा मिठागरवाल्या घरातला पन्नाशीचा माणूस, सहा वर्षं रोजंदारीवर होता आणि त्या महिन्यात कायम व्हायचा होता.

यंत्राला दोन बटणं होती. वरचं सेकंदाला चार लाख कंपनांचं. एवढ्या घाईत बुडबुड्याला वाढायला वेळच मिळत नाही. तो लहान राहतो आणि हलकेच फुटतो. खालचं पंचवीस हजारांचं. तिथं बुडबुडा फुगून मोठा होतो आणि फुटताना जोरात हाणतो. लोखंडाच्या तुकड्यांना ते चालतं, नाजूक चकतीला नाही. हे मला पाठ होतं.

बाळारामनं पहिली चकती तारेला अडकवून पाण्यात सोडली. मी वरचं बटण दाबलं. पाणी शांत. मॅनेजर पाच मिनिटं बघत राहिले.

"चालू आहे ना हो? काही आवाजच नाही."

मला राग आला आणि लाजही वाटली. मी खालचं बटण दाबलं. टाकी चरचरू लागली. मॅनेजर खूश होऊन चहा सांगायला बाहेर गेले.

"सायब, ही लय मारतेय वाटतं," बाळाराम म्हणाला.

"बघत राहा तुम्ही," मी म्हणालो.

चकती बाहेर काढली तेव्हा तिची चाळण झाली होती. चहाबरोबर मॅनेजर परत आले. त्यांनी चकती उजेडात धरली आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

"बाळाराम, बोट लावलंस?"

"नाय सायब."

"मग ही अशी आपोआप झाली? उद्यापासून येऊ नकोस."

तो ओले हात सदऱ्याला पुसत उभा राहिला.

शेवटी मी म्हणालो, "चूक माझी आहे. बटण मी बदललं." मॅनेजरांना ते पटेना. तेव्हा त्यांच्याच सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद मागून दोन तुकडे केले. एक खालच्या बटणावर धरला, तो चिंध्या होऊन आला. दुसऱ्यावर वरच्या बटणानं नुसते टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची चकती वरच्या बटणावर पाऊण तास ठेवली. तिला कुणीही घाई केली नाही. मग ती भिजवून खालून हवा भरली. भोक असतं तर लगेच बुडबुडे आले असते. आले नाहीत. पाणी पुन्हा धारेनं गळू लागलं. निघताना बाळारामनं मिठाची पुरचुंडी दिली. "आमच्या आगरातला हाय," म्हणाला. यंत्र काही त्यांनी घेतलं नाही. महिनाअखेरीस त्याचं कार्ड आलं: कायम झालो.

परतताना भरती होती, लाँच धक्क्यालाच लागली. बायकोनं मीठ बरणीत भरलं आणि ते पावसाळ्यापर्यंत पुरलं. चांदीच्या कागदाचे ते दोन तुकडे अजून माझ्या वहीत आहेत. ते दाखवून मी ही हकिगत कितीतरी जणांना सांगितली आहे, मी खरं बोललो म्हणून. बाळाराम समोर उभा असताना मी आधी बशीतला चहा सावकाश संपवला होता, हे मात्र आज पहिल्यांदाच लिहितो आहे.