मर्लिनच्या हाती कानस

इग्नेशियसची बोटं आधी पांढरी पडायला लागली. सकाळी डेमेरारा नदीच्या पाण्यात हात घातला की मेणासारखी दिसायची आणि बराच वेळ त्यांना काही कळायचं नाही. आयुष्यभर करवतीचं मशीन धरून रानात राबलेल्याचं असंच होतं, आमच्या गावात ते नवीन नाही. पण त्याने कुणाला सांगितलं नाही. मी शेजारी, मलाही नाही.

त्या वर्षी गावच्या दवाखान्याला लाकडी जमीन घालायची होती. मी, इग्नेशियस आणि त्याचा मेहुणा विल्बर्ट, तिघं रानात ग्रीनहार्टच्या ओंडक्याच्या फळ्या पाडत होतो. लाकूड इतकं चिवट, की दोन फळ्या निघेपर्यंत मशीनची दातेरी साखळी बोथट व्हायची. धार लावायची ती मात्र इग्नेशियसनेच. तिथे तो कुणाला हात लावू देत नसे.

एका दुपारी मशीन कोळशाने मारलेली रेघ सोडून डावीकडे ओढू लागलं. फळी निघाली ती वाकडी.

"दाजी, यावर रोगी झोपायचे की झुलायचे?" विल्बर्टने विचारलं.

"तुझा हात वाकडा, त्याला मी काय करू?"

इग्नेशियसने पुन्हा कानस मारली. आता लांब ढलप्यांऐवजी नुसतं पीठ उडायला लागलं आणि मशीन पुन्हा डावीकडेच गेलं. विल्बर्टने ते खाली ठेवलं. "काप तूच," म्हणाला आणि खोडाला टेकून बसला. कुणातच भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

तेवढ्यात मर्लिन, इग्नेशियसची बायको, कसावाच्या कंदाची भाकरी आणि मासे घेऊन आली. आमचे चेहरे बघून तिने मशीन उचललं आणि साखळी फिरवून पाहिली. एका बाजूचे दात लांब होते, दुसऱ्या बाजूचे कानशीने झिजून आखूड झालेले, म्हणूनच मशीन एकीकडे ओढत होतं. ती कानस घेऊन नवऱ्याशेजारी बसली. तो भाकरी मोडत दुसरीकडे बघत होता. तिने कानशीचं टोक त्याच्या बोटावर दाबलं. बोटावर खळगा पडला, तरी त्याने मान वळवली नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?" म्हणत त्याने वळून बोटाकडे पाहिलं.

मर्लिनने मशीन बुंध्यावर घट्ट बसवलं आणि एकेक दात घासू लागली.

"लाकूड उभं चिरायचंय, कानस फार तिरकी नको," तो हळूच म्हणाला. "पुढे ढकल. परत ओढताना उचल. सगळे दात सारखे..."

"दिसतंय मला. जेव तू."

संध्याकाळपर्यंत फळ्या सरळ निघायला लागल्या. विल्बर्टने एक शिट्टी मारली, बस्स. पुढे जमीन झाली, दवाखाना सुरू झाला. इग्नेशियसने मशीन पुन्हा धरलं नाही.

मर्लिनच्या हातची धार टिकते हे गावभर झालं. आता तिच्या ओसरीवर साखळ्या टांगलेल्या असतात. कसावा किसायचा, चूल बघायची, मग कानस. इग्नेशियसला तव्याजवळ जाऊ देत नाही. भाजलं तरी त्याला कळत नाही.

परवा मी माझी साखळी घेऊन गेलो. तिने वर पाहिलं नाही.

"टांग तिकडे. घाई आहे का?"

"नाही गं."

"घाई नसलेला तू पहिलाच," ती म्हणाली आणि पाठ ताणून पुढचा दात घासायला लागली.