हात मागे घ्या

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं आज जिन्यात ग्रीसचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मला बेंगळुराजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या कारखान्याचं कॅन्टीन आठवलं. तिथल्या मराठी कामगारांसाठी केलेल्या सुरक्षेच्या फिल्मला माझा आवाज होता. दिग्दर्शक बेंगळुरातल्याच जुन्या मराठी घरातला. त्यानं निवेदनाचा वेळ मोजला होता तो संहिता मनातल्या मनात वाचून. "अहो, मोठ्यानं वाचून मोजा, मनातलं वाचन नेहमी लवकर संपतं," मी चिडून म्हटलं, तर कानडी मिसळत म्हणाला, "सरी अण्णा, ठीक आहे, तुम्ही स्वल्प फास्ट बोला." कितीही रेटलं तरी वाक्यं चित्राच्या मागे पडली आणि त्यानं ती तशीच चिकटवली. कॅन्टीनमधल्या पडद्यावर पत्रा दाबणारी प्रेस खाली आली, रबरी हातमोज्याचा चेंदामेंदा झाला, आणि त्यानंतर माझा शांत आवाज आला, "हात मागे घ्या." सगळे खो खो हसले. कोल्हापूरकडचा सुपरवायझर तेवढा हसला नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं अशाच प्रेसनं नेली होती. त्यानं दिग्दर्शकाची मानगूट धरून त्याचं तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटून पांढऱ्या शर्टावर रक्त सांडलं. मग दिग्दर्शकाचं मनगट उजव्या कोपराखाली दाबून सुपरवायझरनं डाव्या हातात पाण्याचा स्टीलचा जग उचलला आणि तो ओरडला, "मोज की रं आता! हात मागं घ्यायला किती वेळ लागतो, मोज!" आम्ही धावेपर्यंत जग खाली आला होता. हाड मोडल्याचा तो आवाज अजून कानात आहे. आजही मी संहिता मोठ्यानं वाचूनच वेळ मोजतो, आणि वाचताना एक हात मांडीखाली दाबून ठेवतो.