तोंड बघायचं राहिलं

माझे मिस्टर आखातात वेल्डिंगचं काम करायचे. तिकडेच झोपेत गेले. आम्ही सिल्वासाजवळ किलवणीला जेठ, म्हणजे माझे मोठे दीर, आणि जाऊबाईंबरोबर एकाच घरात राहतो. जेठ मसाटच्या कंपनीत सुपरवायझर आहेत, म्हणून सगळे फोन तेच करत होते. तिकडच्या डॉक्टरचा दाखला मिळाला, पोलिसांची परवानगी मिळाली, आता बायकोची सही हवी, असं त्यांनी जाऊबाईंना सांगितलं.

आमच्यात जेठाशी थेट बोलत नाहीत. पदर पुढे ओढायचा आणि काय ते जाऊबाईंना विचारायचं. सिल्वासाला नोटरीकडे गेलो, तर कागद इंग्रजीत. मी जाऊबाईंच्या कानात विचारलं, "ताई, काय लिहिलंय यात?"

त्यांनी जेठांकडे पाहिलं. "त्यांना घरी आणायचे कागद आहेत गं. कर सही."

नोटरीने अंगठ्याचं पॅड पुढे केलं. जेठ म्हणाले, "पॅड कशाला? चौथी शिकलीय ती." मला तेव्हा बरं वाटलं. एकेक अक्षर नीट काढलं.

मला एकदाच त्यांचं तोंड बघायचं होतं. तोवर बांगड्या काढणार नाही म्हटलं, तर जाऊबाईच म्हणाल्या, "नको काढू, येऊ दे त्यांना." मयत येणार म्हणून अंगणात ताडपत्री टाकली, तेव्हा दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.

मग एक दिवस जेठ लाल कापडात बांधलेला स्टीलचा डबा घेऊन आले. त्यांच्या अस्थी. तिकडेच अग्नी दिला होता. मी सही केली ती त्याचीच परवानगी होती.

जाऊबाई रडायला लागल्या. "तुला बघवलं नसतं गं. आणि मयत गावी खानदेशात न्यायची म्हणजे... ह्यांना सुट्टी मिळत नव्हती."

जेठ त्यांना म्हणाले, "चल म्हणावं तिला. अंधार पडायच्या आत दमणगंगेत सोडून येऊ."

मी पदर मागे केला. "भाऊ, तुम्ही तरी पाहिलं का त्यांचं तोंड?"

माझ्याकडे न बघता ते जाऊबाईंना म्हणाले, "सांग तिला, फोटो आला होता. पोरांच्या हाती लागेल म्हणून पुसून टाकला."

मी डबा उचलला, आत गेले आणि कडी लावली. जाऊबाई दारावर थापा मारत राहिल्या.