सात नंबरचा रकाना

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. दुसऱ्याच्या टेबलावरची पेनंसुद्धा ही ओळीत लावून ठेवायची. इस्पितळातल्या खाटांजवळची यंत्रं नर्सच्या खोलीतल्या संगणकाच्या पडद्याला नाडी, ऑक्सिजन कळवतात; त्या दोघांमधल्या देवघेवीचं काम तिच्याकडे होतं. कुठल्या नंबरच्या रकान्यात काय जाणार, एवढं एका फाइलीत लिहायचं. त्यावरून जनरेटर नावाचा प्रोग्राम दोन्हीकडचा कोड आपोआप बनवी.

सोमवारी तिने सात नंबरचा बॅटरीचा रकाना काढून टाकला. मधे फट नको म्हणून तो नंबर ऑक्सिजनला दिला. चाचण्या बिनबोभाट पास झाल्या आणि नवा कोड वॉर्डाच्या पडद्यावर चढला.

बुधवारी दुपारी तिने ऑफिसातल्या संगणकावर वॉर्डाचा पडदा सहज उघडला, तर अकरा खाटांचा ऑक्सिजन शंभर. दहा मिनिटांनीही शंभरच. आजारी माणसांचा? तिने वॉर्डातल्या यंत्रांची यादी काढली. वॉर्डातल्या जुन्या यंत्रांत नवा कोड गेलाच नव्हता. सतत विजेला जोडलेली ती यंत्रं सातव्या रकान्यात अजून बॅटरीच पाठवत होती, पूर्ण भरलेली, आणि पडदा तिलाच ऑक्सिजन समजत होता.

तिने वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, पडद्यावर विसंबू नका. प्रत्येक खाटेपाशी जाऊन यंत्रावरचा आकडा बघा. आत्ता."

"कोण बोलतंय? इथे सगळं ठीक दिसतंय."

"तेच चुकीचं आहे. चूक माझीच आहे. आधी जा, मग मला हवं ते बोला."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. तिने कानाला फोन इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. लांबून सिस्टरचा आवाज येत होता: चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव, पंच्याण्णव. मग काहीच नाही. मग एकदम, "नऊ नंबरच्या खाटेला एक्याऐंशी! डॉक्टरांना बोलवा!"

तिने डोळे मिटले. किती वेळ गेला, तिला सांगता येईना.

"आहात का?" सिस्टरला धाप लागली होती. "नऊ नंबरच्या आजोबांचा ऑक्सिजनचा मास्क निघाला होता. आता नव्वदवर आलेत."

तिने जुनी फाइल परत बसवली आणि साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. "एकदा दिलेला नंबर पुन्हा कुणालाही द्यायचा नाही," ते एवढंच म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"घाबरू नका, झोपलेत ते," सिस्टर म्हणाली.

तरी ती आजोबांच्या छातीकडे बघत, त्यांचे श्वास मोजत राहिली.