सातव्या महिन्यातली गिलकी

मुलगी तीन महिन्यांची असताना, एका मंगळवारी सकाळी, नाशिकमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी निदान सांगितले. तिच्या दोन्ही डोळ्यांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा तयारच झालेला नव्हता. तोवर येणारे-जाणारे तिच्या काळ्याभोर डोळ्यांचे कौतुक करत. उजेडात ती डोळे मिटून रडे, तो आम्ही हट्ट समजलो होतो.

आईने तिथेच माझ्या बायकोला विचारले, "ग्रहणाच्या दिवशी गिलकी चिरलीस ना?"

चिरली होती. सातवा महिना होता. ते ग्रहण भारतातून दिसणार नाही, वेध पाळण्याचे कारण नाही, ही चौकट आमच्या दैनिकात मीच लावली होती. आईला तसे सांगितले.

"दिसलं नाही म्हणून लागलं नाही होय?"

"आजी, डोळे पोटात पहिल्या तीन महिन्यांतच आकार घेतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्याची सुरुवात एक जनुक करतं. ते फळांवरच्या चिलटांमध्येही आहे. उंदराचं हे जनुक चिलटाच्या पायात चालू केलं, तर पायावर डोळा उगवतो, तोही चिलटाचाच. इतकं ते जुनं आहे. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात. हिची बहुधा एक बिघडली आहे."

"आमच्या मळ्यात फुटक्या द्राक्षांवर घोंगावतात, तीच चिलटं?" बायकोने विचारले. ती निफाडची.

"तीच."

"त्यांच्यात कोण ग्रहण पाळतं?"

"घ्या! आता माझ्या नातीला चिलटांच्या पंगतीला बसवा," आई म्हणाली.

डॉक्टरांनी मग माझे डोळे तपासले. माझ्या डाव्या डोळ्याची बाहुली जन्मापासून लांबट आहे. उन्हात त्या डोळ्याला पाणी येते. आईला हे पहिल्यापासून माहीत होते. "तुमचंही रक्त द्या," डॉक्टर म्हणाल्या. तिघांचे नमुने पुण्याला गेले.

अहवाल यायला पाच आठवडे लागले. त्या काळात आईने गिलक्यांचा विषय जेवताना काढला, पाहुण्यांसमोर काढला, फोनवर काढला. मी माझ्या डोळ्याचा एकदाही उल्लेख केला नाही. खात्री झाल्याशिवाय बातमी द्यायची नाही, असे स्वतःला सांगत होतो. चौथ्या आठवड्यात बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. निघताना म्हणाली, "डॉक्टरांनी तुमचे डोळे का बघितले, ते तुम्हाला कळलं होतं. तरी एक शब्द बोलला नाहीत."

मुलीच्या जनुकात सापडलेला बदल माझ्यातही होता. बायकोत नव्हता. अहवाल मी आधी निफाडला फोनवर वाचून दाखवला. "बरं," एवढेच ती म्हणाली. मग आईला वाचून दाखवला.

आईने तो दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग विचारले, "मग तुझ्या वेळी मी काय चिरलं होतं?"

दुसऱ्या दिवशी तिने खोलीचे दार लावून निफाडला फोन केला. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. बायको आणि मुलगी अजून निफाडलाच आहेत.